उशिरा पोचणारं हसू

अंतराळातल्या मालिकांबद्दल माझी पहिली तक्रार कपड्यांची आहे. जहाज पिढ्यानपिढ्या प्रवास करतं, त्यात शेकडो माणसं राहतात, आणि कुणीही कधी कपडे धुताना दिसत नाही. दोरीवर एक टॉवेल नाही, कुठे एक चिमटा नाही. कॅप्टनचा करडा स्वेटर पहिल्या पर्वात जसा असतो तसाच शेवटच्या पर्वात. एका रविवारी दुपारी जेवताना अशीच एक मालिका बघत मी हे बोलून दाखवलं, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "आंघोळी तरी कुठे दाखवतात? म्हणून काय कुणी करत नसेल?"

"दाखवायला हवं," मी म्हणाले. "ज्यांना कपडे कुठे वाळत घालायचे हे ठरवता येत नाही, त्यांनी दुसरी आकाशगंगा गाठायला निघू नये."

तो हसला नाही. म्हणजे तेव्हा हसला नाही. भाग संपला, मी ताटं उचलली, टेबल पुसलं, उरलेली भाजी डब्यात काढली. तो बेसिनवर हात धुवायला गेला आणि तिथून आवाज आला. आधी नाकातून छोटासा श्वास, मग घशात एक हुंकार, आणि मग जिन्यावरून पातेलं गडगडत खाली जावं तसं हसू. त्याचं सगळं हसू असंच होतं. विनोद त्याच्यापर्यंत लगेच पोचायचा, पण तो बहुधा आत नेऊन, उलटापालटा करून, नीट बघून मगच पसंत करायचा. आमच्या लग्नात माझ्या पुण्याच्या काकांनी मुलाकडच्या मंडळींवर एक कोटी केली होती. हा गप्प राहिला. मग पंगतीत, काका वरण वाढून घेत असताना हसला. काकांना शेवटपर्यंत वाटत होतं की तो त्यांच्या जेवण्याला हसला.

तो बंगळुरूतल्या बनशंकरीचा. म्हणजे त्याचं घराणं कधीतरी महाराष्ट्रातून इकडे आलं आणि इथेच मुरलं. घरात मराठी, पण आईला अम्मा, वडिलांना अण्णा, आणि दर दोन वाक्यांनंतर 'सरी', म्हणजे 'बरं'. मी नोकरीसाठी बंगळुरूला आले ती पुण्याची मराठी घेऊन, शब्दागणिक इंग्रजी. तो माझ्या मराठीला 'मीटिंगची मराठी' म्हणायचा. मी प्रकल्पांची आखणी करते, कामाच्या याद्या ठेवते, लोकांच्या मागे लागते. त्याला माझ्या याद्यांची गंमत वाटायची. गंमत वाटते हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं.

आमची दोघांची एक सामाईक आवड होती, विज्ञानकथांच्या मालिका, आणि त्यातही आम्ही कशावरच सहमत नव्हतो. माझं म्हणणं, बहुतेक मालिका आळशी असतात. एक अख्खा ग्रह योद्ध्यांचा, एक अख्खा ग्रह व्यापाऱ्यांचा, एक अख्खा ग्रह ध्यान करणाऱ्यांचा. इथे सर्जापूर रोडवरच्या आमच्या एका सोसायटीत कचरा किती वाजता बाहेर ठेवायचा यावर दोन मजल्यांचं एकमत होत नाही, आणि तिकडे अब्जावधी जीव एकाच स्वभावाचे. काळात मागे जाणारे लोकही तसेच. मागे जाऊन युद्ध टाळतात, राजे वाचवतात. गॅस बुक करायचा राहिला म्हणून कुणी मागे गेलं नाही. नवऱ्याला यातलं काहीच खटकायचं नाही. तो म्हणायचा, "त्यांनी एवढा मोठा पडदा रंगवलाय. तू मागे जाऊन खिळे कशाला मोजतेस?"

विनोदी पॉडकास्टची ओळख त्यानेच करून दिली. मला आधी पटलं नाही. दोन माणसं बोलतात, त्याला कार्यक्रम म्हणायचं? पण आउटर रिंग रोडवर रोज ये-जा करणाऱ्याने फार तत्त्वं बाळगू नयेत. आमची दोघांची ऑफिसं एकाच दिशेला. गाडी मी चालवायची, आणि तो शेजारी सीट पूर्ण मागे ढकलून, गुडघे पसरून, फोन हातात घेऊन बसायचा. हळूहळू माझीही मतं तयार झाली. पॉडकास्टला दोन माणसं बरोबर. तीन झाली की ती मीटिंग होते आणि चार झाली की सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दोघांतल्या एकाने तरी तयारी करून यायला हवं. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसू नये. आणि 'मग, कसा गेला आठवडा' ही सुरुवातीची बडबड कापून टाकावी. नवऱ्याला नेमकी तीच आवडायची. मी पुढे ढकलायला सांगितलं की म्हणायचा, "थांब गं, ते घरात येऊन चपला काढतायत. काढू दे."

आमचे आवडते दोघे याच शहरातले. एकाचा आवाज जाड, एकाचा पातळ. दर आठवड्याला एक विज्ञानमालिका घ्यायची आणि तिचं पार धिरडं करायचं, असा त्यांचा उद्योग. इंग्रजी, मध्येच हिंदी, अगदी मनातलं बोलायचं असलं की कन्नड. जाड्या तयारी करून यायचा, पातळ्या त्याच्यावर पाणी ओतायचा. माझ्या सगळ्या अटींत बसणारे.

त्यांनी एकदा प्रेक्षकांसमोर भाग रेकॉर्ड केला. दुपारची वेळ, लहानसा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि आमच्या निम्म्या वयाची मुलं. जाड्याने एक विनोद केला. कशावर होता ते मला आता आठवत नाही, एवढंच आठवतं की तो पडला. हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. जाड्याने घसा साफ केला, कागद उलटला आणि म्हणाला, "तर पुढची मालिका..." तेवढ्यात माझ्या शेजारून नाकातला तो छोटा श्वास ऐकू आला. मी कोपर मारला. उपयोग झाला नाही. पातेलं गडगडत अख्ख्या हॉलभर गेलं.

पातळ्याने हात कपाळावर आडवा धरून अंधारात बघितलं. "सर, कुठल्या ग्रहावरून ऐकताय? तुमचा आवाज पोचायला वेळ लागतोय."

सगळा हॉल हसला. सगळे हसून थांबले, आणि मग यावर माझा नवरा हसला. तेव्हा तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दोघांनी तो तुकडा कापून ठेवला. त्यानंतर त्यांच्या भागात कुणाचा विनोद पडला की ते क्षणभर शांतता ठेवायचे आणि मग ते हसू वाजवायचे. श्वास, हुंकार, पातेलं. त्याला त्यांनी 'दूरच्या ग्रहावरचे सर' असं नाव दिलं. नवऱ्याला झालेला आनंद मी पाहिला आहे. प्रमोशनलाही एवढा झाला नव्हता. गाडीत बसल्या बसल्या विचारायचा, "आज मी आलो का?" मी तो भाग आधी ऐकला असला तर सांगायचे, "दोनदा आलास." तो मान हलवायचा. "दोनदा म्हणजे विनोद वाईट होते या वेळी."

गेल्या वर्षी तो गेला. ऑफिसात, दुपारच्या जेवणानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या. एरवी सकाळी आम्ही एकत्र निघायचो, पण त्या दिवशी मी घरून काम करत होते. तो मोज्याची जोडी शोधत पलंगाखाली वाकला होता. मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाले, "आता कळलं अंतराळात मोजे का दाखवत नाहीत. दुसरा सापडेपर्यंत ग्रह निघून जातो." तो "हं" म्हणाला. मोजा सापडला, बूट घातले, आणि लिफ्टचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

पुढचं जे करायचं होतं ते मी क्रमाने केलं. मला ते जमतं. लोकांना वाटतं की ज्याला जमतं त्याला लागत नाही. बँका, कागद, त्याच्या ऑफिसमधला खण, त्याचा फोन. बनशंकरीचं घर आवरून बंद केलं आणि त्याच्या अम्मांना आमच्याकडे आणलं. आमच्या मुलीची परीक्षा होती, ती तिने दिली. गाडीतली त्याची सीट मागे ढकललेली होती, ती तशीच राहिली. त्या सीटवर कुणी बसत नव्हतं, तेव्हा ती पुढे घेण्याचं कारण नव्हतं.

बरेच महिने मी गाडीत काही लावलं नाही. मग एकदा लावलं, कारण रिंग रोडवर शांततेत बसलं की आपण हॉर्नच्या जाती ओळखायला लागतो. त्या दोघांचा नवा भाग होता. मारतहळ्ळीच्या पुलाखाली गाडी उभी होती. पातळ्याने काहीतरी म्हटलं, मग शांतता, आणि मग शेजारून नाकातला छोटा श्वास.

मी डावीकडे बघितलं. यात विशेष काही नाही, इतक्या वर्षांच्या सवयीने मान वळते. सीट मागे ढकललेली होती. पट्टा सरळ लोंबत होता. हसू चारही स्पीकरमधून पूर्ण वाजलं आणि थांबलं, आणि ते दोघे पुढच्या मुद्द्यावर गेले.

मी विसरले नव्हते. तो तुकडा त्यांच्याकडे आहे, ते तो वापरतात, हे सगळं मला माहीत होतं. मला फक्त हे सुचलं नव्हतं की तो गेल्यावरही ते वापरत राहतील. कारण त्यांना माहीत नव्हतं. कोण कळवणार? ज्यांना ज्यांना कळवायचं त्यांत ते दोघे कुठेच बसत नव्हते.

मग मी उपाय केला. भाग लक्ष देऊन ऐकले की विनोद पडणार हे आधी कळतं. जाड्याचा आवाज शेवटी वर जातो, पातळ्या 'म्हणजे बघा' म्हणतो. तेवढ्यात आवाज शून्यावर आणायचा, थोडं थांबायचं, पुन्हा वाढवायचा. हे नीट जमू लागलं. पण काही वेळा चांगला विनोदही पडतो, आणि तेव्हा ते हसू न सांगता यायचं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी लावताना यायचं. टोमॅटो निवडताना कानातल्या इयरफोनमध्ये यायचं, आणि दुकानदार म्हणायचा, "मॅडम, स्वल्प बाजूला," कारण मी टोमॅटो हातात धरून नुसतीच उभी असायचे.

बंद का केलं नाही, असं मुलगीही विचारायची. ऐकायचं नव्हतं आणि चुकवायचंही नव्हतं.

मेलेली माणसं परत येतात अशा मालिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. विज्ञानकथेवाल्यांचा तो लाडका विषय. कुणी मेंदूची नक्कल काढून ठेवतं, कुणी शेजारच्या विश्वातून त्याच माणसाला उचलून आणतं, कुणी प्रकाशाचा पुतळा उभा करतं. माझी तक्रार अशी की परत आलेला माणूस नेहमी महत्त्वाचं बोलतो. माफ कर म्हणतो, मुलांना सांभाळ म्हणतो, गुपित सांगतो. आणि कुणीतरी खिडकीशी उभं राहून मेलेल्या ताऱ्याचा प्रकाश आपल्याला अजून दिसतो वगैरे ऐकवतं. ते वाक्य आता कायद्याने बंद करावं. परत येऊन एका फालतू विनोदावर हसून लगेच निघून गेला, पुन्हा आठवड्याने आला, पुन्हा हसून गेला, असं कुणी दाखवलेलं नाही. लिहिणाऱ्यांना ते सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल आणि सहन झालं नसेल.

अम्मांना मी हे कळू दिलं नव्हतं. आणि ते कळलं माझ्याच व्यवस्थेमुळे. घरातली सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली असावीत असा माझा आग्रह. गाडीतून उतरून मी दारात पाऊल टाकलं की माझा फोन आपोआप स्वयंपाकघरातल्या स्पीकरला लागतो. त्या संध्याकाळी मी भाग थांबवायचा विसरले. दोन्ही हातांत पिशव्या, पायाने दार लोटलं, आणि स्वयंपाकघरात, जिथे अम्मा ताकाला फोडणी देत होत्या, तिथे तो हसला.

अम्मा बाहेर आल्या. हातात पळी. माझ्याकडे नाही, माझ्या मागे दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "आला का?"

मी पिशव्या खाली ठेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची आशा तेवढाच वेळ टिकली. मग त्या पुन्हा त्यांच्या वयाच्या झाल्या, आणि म्हणाल्या, "फोडणी करपतेय." आत जाऊन गॅस बंद केला, आणि स्टुलावर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. हॉल, खुर्च्या, कोपर, पातळ्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"सरी," त्या म्हणाल्या. "लाव परत. स्वल्प मोठ्याने."

मी लावलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत की पदर लावला नाही. नुसतं कान तिरका करून ऐकलं, कुणी पेटीचा सूर जुळतोय का बघावं तसं. "श्वास तसाच घेतो," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी नवा भाग स्वयंपाकघरात लागायचा. अम्मांना त्यातल्या मालिका कळायच्या नाहीत आणि कळून घ्यायच्याही नव्हत्या. इंग्रजीच्या वेळी त्या आपलं काम करायच्या, कन्नड आलं की मान वर करायच्या, आणि हसू आलं की हातातलं थांबवायच्या. आणि माझी मुलगी शनिवारी सकाळी मोठे हेडफोन लावून आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. मला ती एकदाच म्हणाली, "आई, तुम्ही दोघी बाबांना नाश्त्याला बोलवल्यासारखं करता. मला ते बघवत नाही." घरात आता एकीला ते हवं होतं, एकीला नको होतं, आणि लावायचं-बंद करायचं बटण माझ्याकडे होतं.

थंडी पडली होती, अवरेकाईचे, म्हणजे पावट्याचे, दिवस होते. अम्मा भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालातून बाहेर काढत होत्या, मी भाजी चिरत होते, आणि मुलगी हेडफोन गळ्यात अडकवून चहा घ्यायला आली होती. त्या आठवड्याची मालिका अशी होती: एका वसाहतीवर एका बाईचा नवरा मरतो आणि ती कंपनीकडून त्याची यांत्रिक नक्कल मागवते. जाड्या मालिकेवर गंभीरपणे बोलत होता. पातळ्या मध्येच कन्नडमध्ये घुसला, म्हणजे अम्मांनाही शब्दन् शब्द कळला.

"मला तर ती बाई आधीच सुखी वाटली," तो म्हणाला. "नवरा गेला, अर्धं कपाट रिकामं झालं, रिमोट हातात आला. परत कशाला मागवायचा?"

शांतता. श्वास, हुंकार, पातेलं.

मुलीने हात लांब करून स्पीकरची वायरच उपटली. "बाबा यावर हसले नसते," ती म्हणाली. "कधीच हसले नसते. आई, त्यांना सांग बंद करायला. आत्ता सांग."

मला राग आला नाही. ते दोघे दुष्ट नाहीत, त्यांना माहीतही नाही. पण आतापर्यंत ते हसू म्हणजे फक्त तो होता. आता मेलेल्या माणसाला ते हवं तिथे हसायला लावू शकतात, हे माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं. आज माझ्या कपाटावर, उद्या कशावरही. त्याला नको म्हणता येणार नाही. मी हात पुसले आणि फोनवर त्यांना लिहायला बसले. विषय: ध्वनिफितीतील तुकडा काढून टाकण्याबाबत. पहिला मुद्दा, संबंधित व्यक्ती आता हयात नाही. दुसरा मुद्दा, कुटुंबीयांची विनंती. मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"आई, ही सोसायटीची नोटीस झालीय. खाली 'आदेशावरून' लिही आणि लिफ्टमध्ये लाव."

"मग तू लिही."

"मला नाही येत," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

अम्मांनी परातीतून मान न उचलता विचारलं, "काय लिहिताय एवढं?"

"ते हसू काढून टाका, असं," मी म्हणाले.

"कशाला?"

"अम्मा, तुम्ही ऐकलंत ना तो कशावर हसला ते?"

"कशावर?"

"त्या बाईच्या नवऱ्यावर. कपाटावर. रिमोटवर."

अम्मांनी एक दाणा दाबला, तो सटकन परातीत पडला. "त्यावर नाही हसला तो."

"अज्जी, आत्ता वाजलं की," मुलगी म्हणाली.

"वाजलं. पण तो समोरच्या गोष्टीवर कधी हसलाय? त्याचे अण्णा सकाळी इडली खाताना काही बोलायचे, तर हा शाळेत प्रार्थनेत हसायचा. मास्तर कान पिळायचे. मी जाऊन सांगितलंय मास्तरांना, अहो, तो तुम्हाला नाही हसत, ते आमच्या घरातलं आहे." त्यांनी सालं एका बाजूला सारली. "हे आधीचं काहीतरी असणार. मागे जाऊन बघा, स्वल्प."

"अज्जी, ते रेकॉर्डिंग आहे. ते लोक पाहिजे तिथे चिकटवतात."

"चिकटवू देत ना. हसतो तो त्याच्या वेळेनेच."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तर्क म्हणून हे कुठेच टिकत नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं. एखाद्या मालिकेने असा खुलासा केला असता तर मी तो तुकडे तुकडे करून ठेवला असता. पण मुलीने वाकून वायर पुन्हा लावली.

आम्ही भाग मागे नेला आणि तिघींनी मिळून शोधायला घेतला. अम्मांनी लगेच निवडला: जाड्या म्हणाला होता की त्याच्या आईने फोन करून विचारलं, तुमच्या त्या पॉडकास्टमध्ये जेवण देतात का. "हाच," अम्मा म्हणाल्या. "आईचा आहे म्हणून हसला." मुलीने दुसरा काढला: यांत्रिक नवऱ्याचं चार्जिंग फक्त स्वयंपाकघरात होतं, म्हणून तो पहिल्यांदाच तिथे दिसतो. "हे बाबा. दोनशे टक्के." मी म्हणाले, त्याच्याही आधी जाड्या सहज बोलून गेला की त्या यंत्राच्या अंगातला शर्ट सगळ्या भागांत एकच आहे.

"आई, हा विनोदच नाही," मुलगी म्हणाली. "त्याने नुसतं निरीक्षण केलं."

"त्याला चालायचं."

"तुझ्या कपड्यांच्या तक्रारीवर बाबांना किती वर्षं जबरदस्तीने हसायला लागत होतं, माहितीये?"

"जबरदस्तीने कसं? तो बेसिनवर जाऊन एकटा हसायचा."

यावर मुलगी हसली. लगेच हसली, माझ्यासारखी. अम्मा म्हणाल्या, "हिच्यात नाही आलं ते," आणि परात उचलून ओट्याकडे गेल्या.

मी तो संदेश पाठवला नाही. अम्मांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. पाठवला असता तर त्या दोघांना फार वाईट वाटलं असतं, त्यांनी माफी मागितली असती, कदाचित एक खास भाग केला असता, मागे हळू वाद्य वाजवून. आणि त्या दिवसापासून ते गेलेल्या माणसाचं हसू झालं असतं. आत्ता ते फक्त उशिरा हसणाऱ्या माणसाचं आहे. ज्यांना तो गेल्याचं माहीत नाही असे निदान दोघे जण या शहरात आहेत, आणि त्यांच्याकडे तो अजून दूरच्या कुठल्यातरी ग्रहावर बसून ऐकतो आहे. एवढी एक जागा मी मोडायची नाही असं ठरवलं.

मुलगी आता काही शनिवारी येते, काही शनिवारी दार लावून घेते. आली की शोधण्यात ती सगळ्यात कडक. अम्मा मात्र नेहमी जेवणाचे किंवा आईचे विनोद निवडतात.

पण अम्मांच्या त्या बोलण्याने मला सोडवलं नाही, उलट बांधलं. पूर्वी हसू आलं की ते फक्त यायचं. आता ते आलं की मागे जावं लागतं. या विनोदावर नाही, तर त्याच्या आधीच्या. त्याच्याही नाही, तर जाहिरातीतल्या अडखळण्यावर. तेही नाही, तर मग हा भाग लावण्याच्या आधीच्या कशावर. एकदा मागे जायला लागलं की कुठे थांबायचं हे कुणी सांगितलेलं नाही. मी जाते ती त्या सकाळपर्यंत जाते. तो पलंगाखाली वाकला आहे. मी मान न उचलता मोज्यांबद्दल बोलते आहे. तो "हं" म्हणतो आणि लिफ्टचा दरवाजा लागतो. ऑफिस, जेवण, खुर्ची. दुपारपर्यंत वेळ होता. त्याला साधारण तेवढाच लागायचा. तो तिथे एकटाच हसला का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. काय म्हणून विचारणार?

मारतहळ्ळीच्या पुलाखाली गाडी रोज थांबते. ते दोघे स्पीकरमधून बोलत असतात, शेजारची सीट मागे ढकललेली असते. मी आता आवाज कमी करत नाही. कधी कधी मोज्यांचं ते वाक्य मी पुन्हा म्हणते, त्याच चालीवर, समोरच्या बसच्या पाठीकडे बघत. आणि थांबते, जेवढं त्याच्यासाठी थांबायची सवय आहे तेवढं. मग मागून हॉर्न वाजतात, आणि गाडी पुढे घ्यावी लागते.